जुनी फायबरची मोटरबोट दुरुस्त करताना: आधी पाण्याचा माग, मग रंग

फायबरची बोट वीस-तीस वर्षांची झाली तरी तिचं फायबर सहसा ठणठणीत असतं. खराब होतं ते फायबरच्या आत बंद केलेलं लाकूड, टाकीतलं पेट्रोल, गिअरकेसमधलं (इंजिनच्या खालच्या, गिअर असलेल्या भागातलं) तेल आणि वायरींचे जोड. चारही ठिकाणी कारण बहुतेक वेळा एकच निघतं: जायला नको तिथे गेलेलं पाणी. म्हणून दुरुस्तीचा क्रमही पाण्याचा माग काढतच ठरवावा. आधी सांगाडा, मग इंजिन आणि इंधन, नंतर वायरिंग आणि चकाकी सगळ्यात शेवटी. उलट्या बाजूने सुरुवात करायचा मोह होतो, कारण नवा रंग आणि नव्या गाद्या लगेच दिसतात. पण खालची फळी कुजकी निघाली की तेच सगळं पुन्हा उचकटावं लागतं.

पुढची मापं साधारण १६ ते २२ फुटांच्या, मागे आउटबोर्ड इंजिन असलेल्या बोटीसाठी आहेत. इंजिन आत असलेल्या स्टर्नड्राइव्ह बोटींचं वेगळं काय, ते पुढे थोडक्यात येईल.

लाकूड कुठे असतं आणि कसं तपासायचं

तीन जागा. ट्रान्सम, म्हणजे इंजिन ज्या मागच्या भिंतीवर टांगलेलं असतं ती: बहुतेक लहान बोटींत एकूण जाडी ३८ ते ५० मिमी, आत प्लायवूड आणि दोन्ही अंगांना फायबर. स्ट्रिंगर, म्हणजे तळाला ताठ ठेवणारे, पुढून मागे जाणारे लांब दांडे. आणि पाय ठेवतो ती फ्लोअरची फळी. स्ट्रिंगरच्या मधल्या खणांत बऱ्याचदा तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो.

समुद्रात चालणाऱ्या बोटीचं लाकूड खाऱ्या पाण्याने कुजतं असा समज आहे. मीठ खरं तर बुरशीला फारसं मानवत नाही. खरा शत्रू पावसाचं गोडं पाणी. उघड्यावर, कव्हर न घालता ठेवलेली बोट रोज वापरातल्या बोटीपेक्षा लवकर कुजते ती यामुळेच. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला, थोडी हवा आणि ऊब मिळाली की बुरशीचं काम सुरू होतं.

तपासणी अशी करा. स्क्रू-ड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने ट्रान्सम सगळीकडून, दर पाच सेंमीवर ठोका. सुकं लाकूड खणखणीत आवाज देतं, ओलं किंवा फायबरपासून सुटलेलं लाकूड बद्द वाजतं. जिथे आवाज बदलतो तिथे खडूने रेघ ओढा. मग इंजिन अर्धवट वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर वजन द्या आणि दुसऱ्या माणसाला ट्रान्समची वरची कड बघायला सांगा. कड हलताना डोळ्यांना दिसली, तर पुढच्या तपासण्या फक्त नुकसान किती ते ठरवण्यापुरत्या.

शंका असेल तिथे आतल्या बाजूने ६ मिमीचं भोक पाडा. ड्रिलच्या बिटला टेप गुंडाळून खूण करा, म्हणजे बाहेरचं फायबर फुटणार नाही. भुसा फिका आणि कोरडा आला तर ठीक. काळपट, ओला, चिखलासारखा आला किंवा भोकातून पाणीच ओघळलं, तर त्या भागाचं लाकूड गेलं. पहिली भोकं सगळ्यात खाली पाडा, ड्रेन प्लगच्या आसपास आणि इंजिनच्या बोल्टांच्या खाली, कारण पाणी तिथेच साठतं. कामापुरतं पाहून झालं की भोकं इपॉक्सीने (दोन भाग कालवल्यावर कडक होणाऱ्या रेझिनने) बुजवायला विसरू नका.

फ्लोअरवर टाचेने दाबत चाला. पाय किंचित खाली जातो ती जागा मऊ पडलेली आहे. आणि जमलं तर बोट वजनकाट्यावर घ्या. कंपनीने दिलेल्या वजनापेक्षा शंभर-दोनशे किलो जास्त भरली, तर तेवढे लिटर पाणी फोममध्ये आणि लाकडात बसलेलं असण्याची शक्यता दाट.

इथे एका उपायाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. कुजलेल्या ट्रान्सममध्ये भोकं पाडून पातळ इपॉक्सी सोडली की लाकूड दगडासारखं होतं, असं सर्रास सांगितलं जातं. ओल्या लाकडात तसं होत नाही. रेझिन हवेच्या पोकळीत शिरतं, पाण्याने भरलेल्या तंतूंत नाही. कडक झालेल्या ठिपक्यांच्या मध्ये कुजकं लाकूड तसंच राहतं आणि ४० हॉर्सपॉवरचं इंजिन त्यावर टांगलेलं असतं. पूर्ण सुकलेल्या, हाताएवढ्या जागेसाठी ही युक्ती चालेल. ट्रान्समसाठी नाही.

रेझिन कोणतं

बोट मुळात पॉलिएस्टर रेझिनने बनलेली असली तरी लाकूड बसवायला इपॉक्सीच घ्या. पॉलिएस्टर लाकडाला आणि जुन्या, पूर्ण कडक झालेल्या फायबरला कमकुवत धरतं आणि काही वर्षांत सुटतं. सुटलं की फटीतून पाणी, आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर.

इपॉक्सी घेतली की तिच्याबरोबर तीन नियम येतात. एक, साधी चॉप्ड स्ट्रँड मॅट तिच्यासोबत वापरू नका. त्या मॅटचे तंतू ज्या बाइंडरने चिकटवलेले असतात तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे मॅट ताठच राहते, कोपऱ्यात बसत नाही आणि खाली हवा राहते. शिवलेलं बायअॅक्सियल, म्हणजे दोन दिशांच्या तंतूंचं, कापड घ्या. १७०८ या नावाने मिळणाऱ्या कापडाची मॅट शिवलेली असते, ते इपॉक्सीत नीट भिजतं. दोन, हार्डनरचं प्रमाण अंदाजाने वाढवू नका. पॉलिएस्टरमध्ये कॅटॅलिस्ट वजनाच्या १ ते २ टक्क्यांत कमी-जास्त करून वेग बदलता येतो. इपॉक्सीत ठरलेलं प्रमाण चुकलं की ती कधीच पुरती कडक होत नाही. डब्यावर वजनाचं आणि मापाचं प्रमाण वेगवेगळं लिहिलेलं असतं, कोणतं वाचतोय ते पाहा. तीन, कडक झालेल्या इपॉक्सीवर दमट हवेत मेणासारखा चिकट थर येतो. तो आधी साध्या पाण्याने आणि खरखरीत पॅडने धुऊन काढा, मग घासा. न धुता घासला तर तो घासकागदाने पृष्ठभागात आणखी रगडला जातो आणि पुढचा थर सुटतो.

पॉलिएस्टर वापरणार असाल तर एमईकेपी कॅटॅलिस्टचा थेंब डोळ्यात जाऊ देऊ नका. डोळा कायमचा जाऊ शकतो. आणि तो कोबाल्ट अॅक्सिलरेटरमध्ये थेट कधीच मिसळू नका, स्फोटक प्रतिक्रिया होते. दोन्ही रेझिनं मोठ्या, खोल डब्यात कालवून ठेवली तर स्वतःच्याच उष्णतेने धुमसतात. एका वेळी अर्धा लिटरच्या आत कालवा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. घासताना धुळीचा मास्क, रेझिन लावताना ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क. एक दुसऱ्याचं काम करत नाही.

ट्रान्सम बदलणं

इंजिन उतरवा. बोटीच्या तळाला किमान सहा-आठ ठिकाणी आधार द्या आणि दोन्ही काठांमध्ये आडव्या दोन-तीन फळ्या पक्क्या बांधा. ट्रान्सम काढल्यावर बोट बाजूंनी उघडते किंवा मुरडते. त्याच आकारात नवं लाकूड चिकटलं की वाकडेपणा कायमचा.

काम आतून करणं चांगलं, बाहेरचा मूळ पृष्ठभाग जसाच्या तसा राहतो. आतलं फायबर कडेपासून ५ ते ८ सेंमी सोडून ग्राइंडरने कापा, मग पटाशी आणि पहारीने लाकूड काढा. कुजलेला भाग हाताने निघेल; जो चांगला आहे तोच सगळ्यात जास्त त्रास देईल. निघालेले तुकडे फेकू नका, नव्या प्लायवूडच्या मापासाठी जुळवून ठेवा, किंवा पुठ्ठ्याचा साचा काढा. बाहेरच्या फायबरची आतली बाजू ४० नंबरच्या घासकागदाने पूर्ण पांढरी, मंद दिसेपर्यंत घासा. चमकदार ठिपका राहिला तर तिथे इपॉक्सी धरत नाही.

प्लायवूड मरीन दर्जाचा, बीएस १०८८ या ब्रिटिश मानकाचा किंवा त्याच्या तोडीचा. १८ मिमीचे दोन थर आपसात चिकटवले की ३६ मिमी होतात. दोन्हीकडच्या फायबरसह मूळ जाडीपर्यंत येतं का, ते आधी मोजा. जाडी वाढली तर इंजिनचं क्लॅम्प बसत नाही, कमी झाली तर लवचिकपणा राहतो. कडा तळाच्या फायबरवर थेट टेकू देऊ नका. ५-६ मिमी जागा सोडा आणि ती घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरा. थेट टेकलं तर तेवढ्या एका रेघेवर ताण येऊन बाहेर जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या रंगीत चकचकीत थराला, चीर पडते.

लाकडाला सगळ्या बाजूंनी पातळ इपॉक्सीचे दोन हात द्या, कडांना तीन किंवा चार. प्लायवूड पाणी पितो तो कडेतूनच. दुसरा हात अजून चिकट असतानाच कोलॉइडल सिलिका घालून लोण्यासारखी घट्ट केलेली इपॉक्सी खाचेच्या पत्र्याने दोन्ही पृष्ठभागांवर पसरा आणि प्लायवूड बसवा. इंजिनच्या जुन्या भोकांतून लांब बोल्ट घालून, बाहेर-आत लाकडी पट्ट्या ठेवून आवळा. सगळीकडून थोडा माल बाहेर येईल इतकंच. पान्यावर जोर काढून आवळलं तर इपॉक्सी पूर्ण पिळून निघते आणि जोड कोरडा राहतो. बाहेर आलेला माल तिथेच पुसून कोपऱ्यात २० ते २५ मिमी त्रिज्येची गोलाई करा. काटकोनात काचेचं कापड बसत नाही, ते उचललं जातं आणि खाली हवा राहते.

त्यावर बायअॅक्सियल कापडाचे किमान तीन थर: पहिला कोपऱ्यापासून दोन्हीकडे १० सेंमी, पुढचा प्रत्येक थर ५ सेंमीने जास्त. थर ओल्यावर ओला लावावा, म्हणजे मध्ये घासायचं काम राहत नाही आणि जोड रासायनिक होतो. शेवटी काढलेल्या आतल्या फायबरच्या जागी पूर्ण आकाराचे दोन थर.

बोल्टांच्या भोकांवर कंजुषी नको. पहिल्या वेळी ट्रान्सम कुजला तो बहुधा याच भोकांमुळे. १२ मिमीचा बोल्ट असेल तर आधी १८ मिमीचं भोक पाडा, ते घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरा, कडक झाल्यावर मधोमध १२ मिमीचं भोक घ्या. आता बोल्ट इपॉक्सीच्या नळीतून जातो, लाकूड कुठेच उघडं नाही. बाहेरच्या तोंडाला भोकाची कड तिरपी, उथळ वाटीसारखी करा. सीलंट तिथे बसून रिंगचं काम करतं. हाच नियम बोटीवरच्या प्रत्येक स्क्रूला लावा, डेप्थ फाइंडरच्या सेन्सरच्या दोन छोट्या स्क्रूंनाही. किंबहुना त्यांना आधी. ड्रेन प्लगची पितळी नळीही अशीच: जुनी काढा, भोक मोठं करून भरा, पुन्हा पाडा, मग नवी नळी सीलंटमध्ये बसवा.

पाण्याच्या रेषेखाली सिलिकोन वापरू नका. पॉलीयुरेथेन कायमचं धरतं. पुन्हा काढावी लागेल अशा वस्तूसाठी ते डोकेदुखी. पॉलिसल्फाइड निघतं, पण अॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटच्या खिडक्यांना तडे पाडतं. डेकवरच्या क्लीट (दोरी बांधायचे खुंट), रेलिंगसाठी ब्यूटाइल टेप सगळ्यात सोपी. तळाच्या पाण्यात पितळी स्क्रू नकोत. पितळातलं जस्त झिजून निघतं आणि स्क्रू गुलाबी, भुसभुशीत होतो. कांस्य किंवा ३१६ दर्जाचं स्टेनलेस. स्टेनलेसही ओल्या, बंद लाकडात आतून खाल्लं जातं, म्हणून काढलेल्या प्रत्येक जुन्या बोल्टची मधली जाडी बघा. डोकं चकचकीत आणि मान बारीक, असं हमखास सापडतं.

स्ट्रिंगर, फोम, फ्लोअर

स्ट्रिंगर एका वेळी एकच काढा. सगळे एकदम काढले तर तळाचा आकार बदलतो. मागच्या दोन मीटरमध्ये तळ आत दबला तर बोट वेगात नाक खाली घालते, बाहेर फुगला तर नाक वर-खाली करत उड्या मारते. नंतर कितीही इंजिन ट्रिम करा, ते पुरतं जात नाही. काढण्याआधी काठापासून काठापर्यंत दोरी ताणून दर ३० सेंमीवर स्ट्रिंगरच्या माथ्याची खोली लिहून घ्या. नवा दांडाही तळापासून थोडा वर, घट्ट इपॉक्सीच्या गादीवर, मग गोलाई आणि तीन थर. पाणी मागे वाहण्यासाठी आडव्या भिंतींमध्ये भोकं हवीतच, आणि त्या भोकांना प्लास्टिकच्या नळीचं अस्तर. फॅक्टरीने नुसतं ड्रिल करून सोडलेली हीच भोकं कित्येक बोटींत कुजण्याची सुरुवात असतात.

ओला फोम सुकत नाही, त्यावर पंखे लावून महिने घालवू नका. काढा. पण फोमविना बोट सोडूही नका. पाणी भरल्यावर बोट बुडू न देणं हे त्याचं काम आहे आणि काही बोटींत तो तळाला ताठपणाही देतो. दोन भागांचा बंद पेशींचा पॉलीयुरेथेन फोम, घनमीटरला साधारण ३२ किलोचा, पाणी भरलेल्या बोटीत दर घनमीटरला ९५० किलोच्या आसपास उचल देतो. २० ते २५ अंश तापमानात, थोडा थोडा, वर हवा निघायला भोकं ठेवून ओता. एकदम ओतला तर नवी फ्लोअर उचलून देईल. खणाच्या तळाशी पाणी वाहायला मोकळी नाळी ठेवा, भरून टाकू नका.

फ्लोअरला १२ मिमी मरीन प्लायवूड पुरतो. खालची बाजू दिसत नाही म्हणून कोरडी सोडू नका, ओलावा तिथूनच येतो.

इंजिन: सुरू करण्याआधी

वर्षानुवर्षं बंद पडलेलं इंजिन बॅटरी जोडून थेट फिरवू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडा, रात्रभर थांबा. मग फ्लायव्हील हाताने, नेहमीच्या दिशेनेच फिरवा. बहुतेक आउटबोर्डमध्ये ती वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांची दिशा असते. उलटं फिरवलं तर पाण्याच्या पंपाची रबरी पाती मुडपतात.

फिरलं तर कॉम्प्रेशन मोजा: सगळे प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, इग्निशन बंद केलेलं, काटा थांबेपर्यंत चार-पाच फेरे. आकडा इंजिनप्रमाणे बदलतो, महत्त्वाचा असतो सिलिंडरांमधला फरक. १०-१५ टक्क्यांच्या आत सगळे असतील तर पुढे खर्च करायला हरकत नाही. एक सिलिंडर त्याहून खाली असेल तर बाकी सगळं थांबवून आधी हेड उघडा.

पाण्याचा पंप जुना आहे असं धरूनच चला. इम्पेलरची, म्हणजे पंपातल्या रबरी चक्राची, पाती एकाच जागी दबून राहिली की वाकलेलीच राहतात, आणि कोरडं इंजिन काही सेकंद चाललं तरी जळतात. म्हणून जमिनीवर इंजिन कानपट्ट्या (पाणी ओढायच्या जाळीवर बसणाऱ्या रबरी वाट्या) आणि पाण्याची नळी लावल्याशिवाय क्षणभरही चालवू नका. बदलताना गिअरकेसचे बोल्ट आणि शिफ्टचा दांडा सोडून गिअरकेस खाली घ्या, पंपाचं घर उघडा, शाफ्टवरची छोटी धातूची चावी हरवू न देता नवा इम्पेलर साबणाच्या पाण्यात बुडवून, शाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरवत घर खाली दाबा. जुन्या इम्पेलरची पाती मोजा. एखादं तुटलेलं असेल तर तो तुकडा वर, थर्मोस्टॅटच्या आसपास, अडकलेला आहे. तो सापडल्याशिवाय इंजिन पुन्हा जोडू नका. शाफ्टच्या दातांना बाजूने ग्रीस लावा, वरच्या टोकाला नाही. टोकावर साठलेलं ग्रीस दाबलं जात नाही आणि गिअरकेस पूर्ण बसत नाही. यापुढे दर दोन वर्षांनी इम्पेलर नवा. वाळूच्या उथळ पाण्यात दर वर्षी.

मागून येणारी पाण्याची धार बारीक झाली तर लगेच पंप खोलू नका. धारेच्या तोंडात नायलॉनची जाड तार घालून बघा. कितीदा तरी तिथे मीठ किंवा किड्यांचं घरटं असतं.

गिअरकेसचं तेल खालच्या स्क्रूतून काढा. दुधासारखं झालं असेल तर पाणी शिरलं आहे. पंखा (प्रॉपेलर) काढून त्यामागे गुंडाळलेली मासेमारीची दोरी शोधा. तीच सील कापते. नवं तेल खालच्या भोकातून पंपाने भरा, वरच्या भोकातून बुडबुडे न येता तेल यायला लागलं की वरचा स्क्रू आधी लावा, मग खालचा. वरून ओतलं तर हवा अडकते आणि गिअर अर्धे कोरडे चालतात. दोन्ही स्क्रूंचे वॉशर दर वेळी नवे.

टू-स्ट्रोकला टीसी-डब्ल्यू३ दर्जाचंच तेल. मोटारसायकलचं टू-स्ट्रोक तेल हवेने थंड होणाऱ्या, तापट इंजिनासाठी असतं. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात त्याची राख पिस्टनवर आणि प्लगवर बसते. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली. जुन्या काही इंजिनांना जास्त तेल लागतं, म्हणून झाकणावरची पट्टी वाचा.

अॅनोड, म्हणजे स्वतः झिजून इंजिनचा धातू वाचवणारे तुकडे, खाऱ्या पाण्यात जस्ताचे, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे, दोन्हीकडे जायचं असेल तर अॅल्युमिनियमचे. निम्मे झिजले की बदला. रंगवू नका, रंगवलेला अॅनोड काहीच करत नाही आणि गिअरकेस स्वतः झिजायला लागते.

पेट्रोल

जुनं पेट्रोल गाळून वापरायचा विचारही नको. दहा टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी पोटात घेतं. त्यावर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळे बसतात, आणि इंजिनची नळी तळातूनच ओढते. कोणतंही औषध घालून ते पुन्हा एक होत नाही. टाकी रिकामी करा, आतून सुकवा. इथेनॉलच्या आधीच्या जमान्यातल्या रबरी नळ्या आतून सोलपटतात, त्या सगळ्या मरीन दर्जाच्या नव्या घ्या. कार्ब्युरेटर उघडून जेट साफ करा, पण तारेने खरवडू नका; भोक किंचित मोठं झालं तरी मिश्रण बदलतं. टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर हवा.

इंजिन वेगात गुदमरत असेल तर आधी एक सोपी चाचणी. सुट्या टाकीला नवी नळी लावून त्यावर चालवा. नीट चाललं तर इंजिन निर्दोष. दोष बोटीच्या टाकीत, नळीत किंवा टाकीच्या तोंडाशी असलेल्या अँटी-सायफन व्हॉल्व्हमध्ये. तो व्हॉल्व्ह चिकटला की सगळी लक्षणं घाणेरड्या कार्ब्युरेटरची दिसतात आणि माणसं तीनतीनदा कार्ब्युरेटर खोलत बसतात. चालताना प्रायमरचा फुगा (पेट्रोलच्या नळीतला, हाताने दाबायचा रबरी पंप) आत चपटत असेल तर अडथळा त्याच्या मागे, टाकीकडे आहे. टाकीची हवेची नळीही बघा. फुगा हाताने दाबत राहिल्यावर इंजिन सावरलं तर पेट्रोल पंपाचा पडदा गेला असण्याची शक्यता.

फ्लोअरखाली फोममध्ये बसवलेली अॅल्युमिनियमची टाकी बाहेरून गंजते, कारण ओला फोम तिला कायम चिकटून असतो. फ्लोअर उघडलीच आहे तर ती बाहेर काढून ०.२ बारपर्यंत हवा भरा आणि साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. त्याहून जास्त दाब देऊ नका, टाकी फुगते. बसवताना खाली पट्ट्या, चारी बाजूंनी हवा खेळती.

स्टर्नड्राइव्ह असेल तर

रबरी बेलो (ड्राइव्हभोवतीची घड्यांची नळी) दर वर्षी घड्या उघडून तपासा. फाटला तर बेअरिंग आणि सांधे जातात, आणि बोट बांधलेल्या जागीच बुडू शकते. खाऱ्या पाण्याने थेट थंड होणारे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि रायझर आतून गंजतात आणि पाणी सिलिंडरमध्ये जातं; ते कायमचे भाग समजू नका, झिजणारे भाग समजा. स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर हे मोटारगाडीचे बसवू नका, मापाने बसले तरी. मरीन भागांची ठिणगी आत बंद राहते. इंजिनखान्यात पेट्रोलची वाफ तळाशी साठते, म्हणून सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर, आणि त्यानंतर झाकण उघडून नाकाने खात्री.

वायरिंग

घरची एकतारी वायर बोटीत नको; हादऱ्याने तुटते. बारीक तारांची, कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर घ्या. जोड क्रिंप करून वर गोंदाची हीट-श्रिंक. जाडी अंदाजाने घेऊ नका. हिशोब सोपा: अँपिअर गुणिले जाऊन-येऊन मीटर गुणिले ०.०१७५, भागिले वायरचे चौरस मिमी, म्हणजे किती व्होल्ट वाटेत जातील ते. ५ अँपिअरचा बिल्ज पंप (तळात साठलेलं पाणी उपसणारा), बॅटरीपासून ५ मीटर, २.५ चौरस मिमीची वायर: ०.३५ व्होल्ट, १२ व्होल्टच्या तीन टक्क्यांच्या आत. १ चौरस मिमी घातली तर सात टक्क्यांवर, आणि पंप दमल्यासारखा चालतो. महत्त्वाच्या उपकरणांना तीन टक्क्यांची मर्यादा पाळा. प्रत्येक वायरीचा फ्यूज बॅटरीपासून १८ सेंमीच्या आत.

बिल्ज पंपाची जोडणी मुख्य स्विचला वळसा घालून, फ्यूजमधून थेट बॅटरीला, तरंगत्या स्विचसह. डब्यावरचा आकडा पाणी उचलायचं नसताना मोजलेला असतो. नळी वर गेली की बराच कमी होतो. पाण्याखाली ३० सेंमीवर असलेल्या २५ मिमीच्या उघड्या भोकातून मिनिटाला ४० लिटरच्या वर पाणी आत येतं. ताशी २,००० लिटरचा पंप कागदावरही मिनिटाला ३३ लिटरच काढतो. ड्रेन प्लग विसरलेल्या बोटीला पंप वाचवत नाही, थोडा वेळ मिळवून देतो.

इंजिन चालू असताना बॅटरीचा मुख्य स्विच बंद करू नका. अल्टरनेटरचे डायोड उडतात.

सुकाणू आणि जेलकोट

सुकाणू जड झालं असेल तर बहुतेक वेळा केबलचा दांडा इंजिनच्या नळीत वाळलेल्या ग्रीसने अडकलेला असतो. नवं ग्रीस भरताना दांडा पूर्ण आत ओढलेला असू द्या. बाहेर असताना भरलं तर ग्रीसच दांड्याची वाट अडवतं. केबलच्या आतला भाग गंजला असेल तर तेल सोडून भागत नाही, केबल बदला.

जेलकोट जेमतेम अर्धा मिमी जाड असतो, कोपऱ्यांवर त्याहून पातळ. पिवळे डाग आधी ऑक्झॅलिक अॅसिडने काढा, मगच घासायला घ्या. ८०० नंबरपासून ओलं घासत १०००, १५००, मग कंपाउंड, पॉलिश, वॅक्स. क्लीटभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा दिसल्या तर ती जागा दबत आहे. आधी खाली जाड पट्टी लावून क्लीट पक्की करा, नुसत्या चिरा भरल्या तर पुढच्या हंगामात परत येतील. चीर भरताना व्ही आकारात खरवडून जेलकोटची पुट्टी भरा आणि वर प्लास्टिकचा कागद चिकटवा. हवा लागली तर वरचा थर चिकटच राहतो. इपॉक्सीवर मात्र जेलकोट नीट धरत नाही, तिथे दोन भागांचा पॉलीयुरेथेन रंग. ट्रेलरवर राहणाऱ्या बोटीला तळाला अँटीफाउलिंग (शेवाळ-शिंपले चिकटू न देणाऱ्या) रंगाची गरज नाही.

पहिल्यांदा पाण्यात, आणि त्यानंतर

बोट ट्रेलरवरून न सोडता, पट्टे लावलेल्या अवस्थेत दहा मिनिटं पाण्यात ठेवा आणि आत सगळीकडे हात फिरवा: ड्रेन, ट्रान्समचे कोपरे, पंपाची नळी. मग किनाऱ्याजवळ, अर्ध्या वेगाने. परत आल्यावर इंजिनचे बोल्ट पुन्हा आवळा. इंजिनची उंची बरोबर असेल तर पंख्यावरची आडवी पट्टी तळाच्या रेषेत किंवा २५ मिमीपर्यंत वर असते. फार वर असेल तर वळणावर पंखा हवा घेतो, फार खाली असेल तर पाणी उडतं आणि वेग पडतो.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर दर वेळी गोड्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटं इंजिन धुवा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तरी. वर्षातून एकदा गिअरचं तेल, फिल्टर, अॅनोड, पंख्याच्या दातांना ग्रीस, ट्रेलरच्या बेअरिंगला ग्रीस, आणि डेकवरच्या प्रत्येक स्क्रूचं सीलंट. हंगाम संपल्यावर गिअरचं तेल बदलणं फायद्याचं, कारण आत आलेलं पाणी बंद काळात गिअर गंजवतं. जिथे थंडी गोठवते तिथे तेच पाणी गिअरकेस फोडतं. पेट्रोल ठेवायचंच असेल तर ताज्यात स्टॅबिलायझर घालून दहा मिनिटं इंजिन चालवा, म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचतं. जुन्यात घालून उपयोग नाही.

बोट नाक वर करून ठेवा. आउटबोर्ड इंजिन सरळ उभं ठेवा, म्हणजे त्यातलं पाणी निथळून जातं. कव्हरखाली मधे आधार उभा करा, नाहीतर पावसाचं पाणी खोलगट भागात साठून कव्हर फाडतं. आणि दोन्ही टोकांना हवा जायला जागा ठेवा. ड्रेन प्लग काढून इंजिनच्या किल्लीलाच बांधा.